कंपनीचा लॅपटॉप पुढच्या माणसाकडे द्यायचा आहे : काय पुसायचं, काय ठेवायचं?

घाटंजी_लेखा

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि हमीभाव खरेदीच्या नोंदणीचं काम पाहते. महिनाअखेरीस काम सोडते आहे, लॅपटॉप नव्या माणसाच्या हाती द्यायचा आहे. लॅपटॉप कंपनीचाच. विंडोज १०, ४ जीबी रॅम, सी ड्राइव्ह १२८ जीबीच्या एसएसडीवर, डी ड्राइव्ह ५०० जीबीच्या जुन्या हार्डडिस्कवर. सी लाल झाला आहे, जेमतेम ५ जीबी शिल्लक.

आत काय काय आहे ते सांगते. तूर-सोयाबीनच्या नोंदणीसाठी शेतकऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले सातबारा, आधार, पासबुकाचे फोटो. डाउनलोड्समध्ये एकेका कागदाच्या तीन-तीन प्रती. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली प्राइम. संचालकांच्या डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं साधन) याच लॅपटॉपला लागतं. जुना पत्रव्यवहार श्रीलिपी या मराठी फॉन्टमध्ये. क्रोममध्ये माझं स्वतःचं जीमेल लॉगिन आहे, त्यात माझ्या बँकेचा पासवर्ड सेव्ह आहे आणि कंपनीच्या पोर्टलचेही. विंडोजसुद्धा माझ्याच मायक्रोसॉफ्ट खात्यावर उघडतं.

विचारायचं असं की माझ्या खाजगी खुणा पूर्ण काढायच्या तर सुरुवात कुठून करू? हिस्ट्री डिलीट केली की झालं, की आणखी कुठे काही राहतं? जागा मोकळी करताना कशाला हात लावायचा नाही? आणि शेतकऱ्यांच्या कागदांचं काय? पुसले तर उद्या कंपनीला लागतील, ठेवले तर कुणाचं आधार कुणाच्या हाती पडेल याची काळजी वाटते.

नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, दुपारी लाइन जाते, आणि बॅटरी पाऊण तासाच्या वर टिकत नाही. त्यामुळे मोठं डाउनलोड लागणारा उपाय नको.


वर्धा_हार्डवेअर

ताई, आधी क्रम ठरवा. यात बिघडतं ते क्रम चुकल्यानेच.

बहुतेक जण सरळ कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबतात, "ऑल टाइम" निवडतात, दिसेल त्या चौकटीत टिक करतात आणि मोकळे होतात. पण क्रोममध्ये तुमचं गूगल खातं सिंकवर (सगळ्या उपकरणांत एकसारखं ठेवण्यावर) असेल तर ही पुसापुसी लॅपटॉपपुरती राहत नाही. हिस्ट्री खात्यातूनच जाते, म्हणजे फोनमधूनही जाते. त्याच खिडकीत पासवर्डवर टिक असेल तर तेही गेले. फक्त या लॅपटॉपवरचं पुसायचं तर आधी क्रोममधून साइन आउट, मग पुसणं. त्या खिडकीत तळाला बारीक अक्षरात हेच लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र मी ठिकठिकाणी पुसत बसायला सांगणार नाही. खुणा फक्त ब्राउझरमध्ये नसतात. एक्सप्लोररच्या क्विक ॲक्सेसमध्ये अलीकडच्या फाइल्स दिसतात, वर्ड-एक्सेलची "रीसेंट" यादी असते, टास्कबारवरच्या आयकॉनला उजवी क्लिक केली की अलीकडच्या फाइल्सची जंप लिस्ट येते, विंडोज आणि व्ही दाबलं की क्लिपबोर्डचा इतिहास उघडतो (तो चालू केलेला असेल तर), थंबनेलच्या साठ्यात पुसलेल्या फोटोचीही छोटी प्रत राहते, व्हॉट्सॲपचं डेस्कटॉप ॲप आपल्या फाइल्स युजरच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. हे एकेक करून पुसलं तरी काहीतरी निसटतंच. पण यातलं जवळपास सगळं तुमच्या युजरच्या फोल्डरमध्ये आणि त्या युजरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) असतं. तो युजरच काढला की सगळं एकदम जातं. सी ड्राइव्हवरची जागाही त्यातच मोकळी होते.

म्हणून नवा युजर तयार करा, कंपनीचं सामान जुन्या युजरच्या बाहेर काढा, नव्या युजरमधून सगळं काम चालतं का ते पाहा, आणि मगच जुना काढा.

नवा युजर : सेटिंग्ज, अकाउंट्स, फॅमिली अँड अदर युजर्स, "ॲड समवन एल्स टू धिस पीसी". तिथे ईमेल मागतात. आपल्याकडे या माणसाची साइन-इन माहिती नाही, असा पर्याय खाली असतो तो दाबा, पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर बनवायचा पर्याय येतो. नाव कंपनीचं द्या, माणसाचं नको. आणि ते इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, कारण फोल्डरच्या नावात देवनागरी किंवा स्पेस आली की काही जुनी सॉफ्टवेअर अडतात. मग "चेंज अकाउंट टाइप"मधून त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. हे राहिलं तर नव्या युजरमधून जुना काढताच येत नाही.

सामान हलवणं : डी ड्राइव्हवर कंपनीच्या नावाचं एक फोल्डर करा आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स या चारही ठिकाणचं कंपनीचं त्यात कॉपी करा. स्कॅनरचे पीडीएफ बहुधा डॉक्युमेंट्समधल्या "स्कॅन्ड डॉक्युमेंट्स"मध्ये असतात, तेही पाहा. कट-पेस्ट नको, कॉपीच. एकाच ड्राइव्हच्या आत फाइल हलवली की ती जुन्या युजरच्या परवानग्या घेऊन जाऊ शकते आणि नव्या युजरला "ॲक्सेस डिनाइड" येतं. कॉपी केली की नव्या फोल्डरच्या परवानग्या लागतात. शिवाय दुपारी लाइन गेली आणि बॅटरीही संपली तर मूळ फाइल जागेवर राहते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, फाइल्सची संख्या आणि बाइट्स जुळवून घ्या.

डी ही जुनी हार्डडिस्क आहे, तिच्या एकट्या भरवशावर कंपनीचा कागद ठेवू नका. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन संचालकांकडे द्या.

जुना युजर काढण्याआधी दोन गोष्टी. जुन्या युजरमध्ये असतानाच रीसायकल बिन रिकामी करा. बिन प्रत्येक ड्राइव्हवर आणि प्रत्येक युजरची वेगळी असते. युजर काढला तरी डी ड्राइव्हवरची त्याची बिन तशीच पडून राहते, नव्या युजरला ती दिसतही नाही, पण फाइल्स तिथे असतात. दुसरी गोष्ट याहून मोठी. सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" किंवा कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असण्याची शक्यता फार. पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही बदललं की लॅपटॉप ती की मागेल आणि कंपनीकडे ती नसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबपानावर डिव्हायसेसमध्ये की दिसते, ती छापून संचालकांना द्या.

शेवटी नव्या युजरने लॉगिन करून तीच अदर युजर्सची यादी, जुनं नाव, "रिमूव्ह", "डिलीट अकाउंट अँड डेटा".


लेखापाल_मेहकर

वरचा रस्ता बरोबर आहे. कशाला हात लावू नये, ते मी सांगतो.

टॅली प्राइमचा डेटा नेहमीच्या मांडणीत सी ड्राइव्हवर युजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या फोल्डरमध्ये असतो. आत कंपनीच्या नावाचं काही दिसत नाही, नुसते १०००० किंवा १०००१ असे आकड्यांचे फोल्डर. जागा शोधताना माणूस हे फोल्डर पाहतो, ओळखीचं नाव दिसत नाही म्हणून उडवतो, आणि सगळ्या वर्षांच्या वह्या जातात. पब्लिकमध्ये असल्यामुळे जुना युजर काढल्याने हा डेटा जाणार नाही, पण कुणी डेटाचा मार्ग बदलून डेस्कटॉपवर ठेवला असेल तर जाईल. टॅलीत एफ१, सेटिंग्ज, डेटा कॉन्फिगरेशन इथे मार्ग दिसतो. आधी तो वाचा. मग टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून ताळेबंद उघडतो का ते पाहा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

टॅलीचं लायसन्स कोणत्या ईमेलवर सक्रिय केलं तेही तपासा. तुमचा वैयक्तिक ईमेल असेल तर तुम्ही जाण्याआधी तो बदलून कंपनीचा लावा, नाहीतर लॅपटॉप बदलताना लायसन्स हलवायला नवा माणूस तुम्हालाच फोन करत राहील.

आता हक्काचं. शेतकरी उत्पादक कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर हिशेबाच्या वह्या आणि त्यांची व्हाउचर्स ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात, २०१३च्या कायद्याचं कलम १२८. खरेदीच्या पट्ट्या, वजनकाट्याच्या पावत्या, शेतकऱ्याच्या खात्यात पैसे टाकल्याच्या नोंदी हे सगळं त्यात धरा. फाइल जुनी दिसते म्हणून ती नको असलेली ठरत नाही. आणि लॅपटॉप कंपनीचा असल्याने मालकाच्या परवानगीशिवाय त्यातली माहिती पुसणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ मध्ये बसतं. लबाडीने केलं असं ठरलं तर कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू स्वच्छ आहे हे दिसतंच आहे, पण हेतू कागदावर असलेला बरा. संचालकांना एक ईमेल टाका : अमुक फोल्डर डी ड्राइव्हवर अमुक नावाने सोपवले, माझे वैयक्तिक खाते आणि फाइल्स काढते आहे, कृपया संमती द्यावी. उत्तर आलं की मगच पुसा. ऑडिट चालू असेल किंवा कुठली तक्रार प्रलंबित असेल तर ती मिटेपर्यंत खाजगी लॉगिन सोडून कशालाच हात लावू नका.


आर्णी_सेवाकेंद्र

ताई, डिजिटल सहीचं आणि पोर्टलचं मी सांगतो.

टोकनमधली किल्ली टोकनच्या बाहेर येत नाही, म्हणून लॅपटॉप कितीही साफ केला तरी सहीला धक्का नाही. पण टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये "इनिशियलाइज" नावाचं बटन असतं, त्याला चुकूनही हात लावू नका जी. त्याने टोकन कोरं होतं आणि सही नव्याने विकत घ्यावी लागते. पिनही अंदाजाने टाकत बसू नका, ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं. पुसण्यासारखं एकच : काही वेळा सही पीएफएक्स फाइलच्या रूपात डाउनलोड्समध्ये किंवा ईमेलमध्ये पडलेली असते. त्या फाइलमध्ये किल्लीसकट सही असते. ती सापडली तर संचालकांना दाखवून, त्यांच्या ताब्यात देऊन लॅपटॉपवरून आणि मेलमधून काढजा.

नव्या युजरमध्ये सही चालते का हे जुना युजर असतानाच पाहजा. सही करायचं साधन आपलं सर्टिफिकेट कधी कधी एकाच युजरपुरतं बसवतं, मग नव्या युजरमध्ये टोकन दिव्यासकट दिसतं पण पोर्टल म्हणतं जोडलेलं नाही. तेव्हा ते साधन नव्या युजरमधून पुन्हा इन्स्टॉल करायचं. अंगठ्याचं मशीन असेल तर त्याची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सेवेच्या रूपात पूर्ण मशीनवर बसते, ती राहील. "हे काय आहे, कधी वापरलं नाही" म्हणून प्रोग्रॅमच्या यादीतून ती काढू नका. पोर्टलना दिलेली पॉप-अपची परवानगी मात्र नव्या ब्राउझरमध्ये पुन्हा द्यावी लागेल. म्हणूनच क्रोम साफ करताना ॲडव्हान्स्डमध्ये "साइट सेटिंग्ज"वर टिक करायची नसते. ती केली की पावती छापायची खिडकीच उघडत नाही आणि माणूस प्रिंटरला दोष देत बसतो.

सगळ्यात जास्त अडतं ते ओटीपीपाशी. जीएसटी, कंपनी निबंधकांचं पोर्टल, बँकेचं नेट बँकिंग, खरेदीचं नोंदणी पोर्टल, यांत तुमचा मोबाईल नंबर लागलेला असेल तर लॅपटॉप धुऊन-पुसून दिला तरी ओटीपी तुमच्याच फोनवर येणार. ऐन खरेदीच्या दिवसांत रात्री फोन वाजेल. जाण्याआधी प्रत्येक ठिकाणी नंबर बदलून घेजा, यादी करून.

प्रिंटरचं थोडं. अडकलेली प्रिंट म्हणजे आधारची पूर्ण प्रत स्पूलमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, बसलेली असते. सर्व्हिसेसमध्ये "प्रिंट स्पूलर" थांबवा, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरच्या आतलं काढा (फोल्डर नाही), आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.


खामगाव_नेट

एवढं कशाला? एखादा क्लीनर टाका, एक क्लिकमध्ये हिस्ट्री, टेम्प, रजिस्ट्री साफ. नाहीतर सरळ रिसेट मारा, नवा लॅपटॉप.


वर्धा_हार्डवेअर

भाऊ, दोन्ही इथे नको. रजिस्ट्री साफ केल्याने जागाही मिळत नाही आणि वेगही येत नाही, उलट एखाद्या प्रोग्रॅमचा आधार निघून जातो. मायक्रोसॉफ्टही रजिस्ट्री क्लीनर वापरा असं म्हणत नाही. नाव मोठं म्हणून भरवसा ठेवावा तर २०१७ मध्ये सीसीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती अधिकृत साइटवरूनच लोकांनी उतरवली होती. ज्या लॅपटॉपवर संचालकांची सही आणि शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आहेत त्यावर असला पाहुणा नकोच.

रिसेटने टॅली, टोकनचे ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनची सर्व्हिस, प्रिंटर, फॉन्ट सगळं जातं. "कीप माय फाइल्स" निवडलं तरी इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम राहत नाहीत. "क्लाउड डाउनलोड" घेतलं तर ४ जीबीच्या वर डेटा लागतो, आणि रिसेट अर्ध्यात असताना लाइन गेली आणि बॅटरीने दगा दिला तर विंडोज उघडतच नाही. लॅपटॉप विकायचा किंवा भंगारात द्यायचा असेल तेव्हा रिसेट बरोबर, तोही "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि "क्लीन डेटा" चालू करून. चालत्या कामाच्या लॅपटॉपसाठी नाही.

जागेचं सांगायचं राहिलं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. त्या यादीत "डाउनलोड्स" असंही एक नाव असतं, त्यावर टिक करू नका. ते टेम्पररी नाही, तुमचंच डाउनलोड्सचं फोल्डर आहे आणि तिथून गेलेलं रीसायकल बिनमध्ये येत नाही. बाकी विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, टेम्पररी फाइल्स, थंबनेल्स खुशाल काढा. "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन" दिसत असेल तर तेही जाऊ द्या, त्यात कित्येक जीबी असतात. विनएसएक्सएस नावाचं फोल्डर मोठं दिसतं म्हणून हाताने उडवू नका, त्यावर विंडोज उभं आहे.

जागेसाठी हायबरनेशन बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. ती फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे तुमच्याकडे दीड जीबीच्या आसपास. एवढ्यासाठी ते बंद करू नका. तुमची बॅटरी पाऊण तासाची आहे आणि लाइनचा नेम नाही. बॅटरी शेवटाला आली की उघडं काम डिस्कवर उतरवून ठेवणारी हीच सोय आहे.

फॉन्टचं मेहकरवाल्या दादांच्या उत्तरात यायला हवं होतं, मी जोडतो. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट उघडून नुसतं "इन्स्टॉल" दाबलं की तो फक्त त्या युजरला मिळतो आणि त्याच्या ॲपडेटामध्ये बसतो. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख यांपैकी जे असे बसवले असतील ते युजर काढताच जातील आणि जुनी पत्रं इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतील. मूळ फॉन्ट फाइल्स डी ड्राइव्हवर घ्या, नव्या युजरमध्ये उजवी क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स" निवडा. मग जुनं एक पत्र उघडून पाहा.


घाटंजी_लेखा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अजून विचारते. एसएसडीवरून आणि हार्डडिस्कवरून पुसलेलं कुणी परत काढू शकतं का? आणि शेतकऱ्यांच्या कागदांविषयी नीट सांगाल का, तिथे माझा जीव जास्त अडकला आहे.


वर्धा_हार्डवेअर

हार्डडिस्कवर पुसलेली फाइल दुसरं काही तिच्यावर लिहिलं जाईपर्यंत तिथेच असते. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ती परत येते. म्हणून डी ड्राइव्हची मोकळी जागा एकदा भरून काढा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत सायफर, एक स्पेस, स्लॅश, डब्ल्यू, कोलन, डी, कोलन असं लिहून एंटर. हे असलेल्या फाइल्सना हात लावत नाही, फक्त मोकळ्या जागेवर तीनदा लिहितं : आधी शून्यं, मग एकं, मग काहीही. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला कित्येक तास लागतात, तेव्हा रात्री चार्जरवर लावून ठेवा आणि स्लीप बंद करा. मध्ये लाइन गेली आणि काम तुटलं तर डी ड्राइव्हच्या मुळाशी ईएफएसटीएमपीडब्ल्यूपी असं इंग्रजी नाव असलेलं फोल्डर राहतं आणि डिस्क भरलेली दिसते. घाबरू नका, ते फोल्डर उडवा आणि कमांड पुन्हा द्या.

एसएसडीवर हे करू नका, नुसती झीज होते. तिथे ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा आतून रिकामी करते. स्टार्टमध्ये "डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज" शोधा, सी समोर "सॉलिड स्टेट ड्राइव्ह" लिहिलंय ते पाहा, "ऑप्टिमाइझ" दाबा. त्यानंतर साध्या सॉफ्टवेअरने काही हाती लागत नाही. मात्र त्याआधी सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये, कॉन्फिगर, तिथून जुने रिस्टोअर पॉइंट (विंडोजला मागच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेल्या नोंदी) काढा, कारण त्यांच्यात फाइल्सच्या जुन्या प्रती अडकून राहू शकतात. लगेच एक नवा पॉइंट तयार करा.

कार्यालयाचा राउटर किंवा नेटवर्क दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल तर कोणत्या साइट उघडल्या याची नोंद तिथे असू शकते. ती लॅपटॉप पुसून जात नाही, इन्कॉग्निटोनेही टळत नाही. तुमचं तर हॉटस्पॉटवरच चालतं.


आर्णी_सेवाकेंद्र

शेतकऱ्यांच्या कागदांचं मी सांगतो ताई. आधी वेगळे करा : ज्यांच्यावर नोंदणी झाली आणि कंपनीला लागणार ते, आणि नुसत्या उरलेल्या प्रती. डाउनलोड्समध्ये नावापुढे कंसात एक, दोन असा आकडा असलेल्या फाइल्स बहुतेक दुहेरीच असतात. आकारानुसार लावा, जोड्या शेजारी-शेजारी येतील. पण न उघडता पुसू नका, पुष्कळदा पहिला फोटो धूसर असतो आणि दुसऱ्यांदा मागवलेलाच नोंदणीला लावलेला असतो.

ठेवायचे ते हंगामाप्रमाणे, गावाप्रमाणे, एका शेतकऱ्याचं एक फोल्डर असे लावा आणि सेव्हन-झिप या फाइल्स बांधायच्या सॉफ्टवेअरने पासवर्ड देऊन बांधा. त्यात एईएस-२५६ हे मजबूत कुलूप असतं, "एन्क्रिप्ट फाइल नेम्स"वरही टिक करा, नाहीतर पासवर्ड न टाकताही आतल्या फाइल्सची नावं वाचता येतात. झिप नाही, सेव्हन-झेड प्रकार निवडा, नावं लपवायची सोय त्यातच आहे. पासवर्ड संचालकांकडे लेखी. बांधलेली फाइल उघडून पाहिल्यावर मोकळे फोटो पुसा.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो पासवर्ड असतो. आपल्या गावात कुणाचं नाव आणि वय कुणाला ठाऊक नाही? नव्या माणसाला सांगजा की पुढच्या हंगामात जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार घ्यावं, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

आणि हे सगळे कागद व्हॉट्सॲपवर आले म्हणजे ते तुमच्या फोनमध्येही आहेत. गॅलरीत आहेत, आणि गूगल फोटोजचा बॅकअप व्हॉट्सॲप इमेजेस फोल्डरला लागू असेल तर तुमच्या खाजगी खात्यात ढगावरही आहेत. लॅपटॉप साफ करून इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. फोनमधून काढा, गूगल फोटोजमधून काढा, तिथल्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, तेव्हा ट्रॅशही रिकामा करा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्वही हेच आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला लावलेलं नसलं, तर ती पुसायची. शेतकऱ्याने सातबारा आणि पासबुक विश्वासाने पाठवलं ते तूर विकण्यासाठी. तुम्ही काम सोडल्यावर ते तुमच्या फोनमध्ये राहायचं काही कारण नाही.


लेखापाल_मेहकर

उलटी बाजूही एक आहे. कंपनीच्या पोर्टलचे पासवर्ड तुमच्या गूगल खात्यात सेव्ह झालेत, म्हणजे लॅपटॉप गेला तरी ते तुमच्या फोनमध्ये राहतील. गूगल पासवर्ड मॅनेजर उघडा, कंपनीचे एकेक वेचून काढा, आणि संचालकांना त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलायला सांगा. पासवर्ड नव्या माणसाला देण्यासाठी सीएसव्ही फाइल काढू नका. ती साधी वाचता येणारी फाइल असते आणि नेमकी डाउनलोड्समध्ये पडून राहते. बुकमार्कना हरकत नाही : कंट्रोल-शिफ्ट-ओ, वरचे तीन ठिपके, एक्स्पोर्ट, ती फाइल डी ड्राइव्हवर.

लॅपटॉप दिल्यानंतर फोनवरून तीन ठिकाणं. गूगल खात्यात सिक्युरिटी, "युवर डिव्हायसेस", या लॅपटॉपचं नाव, साइन आउट. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस", लॉग आउट. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या डिव्हायसेसमधून लॅपटॉप काढा, पण बिटलॉकरची की छापून घेतल्यावरच. आणि बँकेचा पासवर्ड त्या लॅपटॉपवर सेव्ह होता, तेव्हा तो बदला, लॅपटॉप कितीही साफ झाला असला तरी.


घाटंजी_लेखा

संचालकांना ईमेल आजच टाकते, उत्तर आल्यावरच पुढचं करेन. शेवटचं एक : नवा युजर तयार झाल्यावर जुना लगेच काढायचा, की काही दिवस ठेवायचा?


वर्धा_हार्डवेअर

लगेच नको. तुम्ही कामावर असेपर्यंत रोजचं काम नव्या युजरमधूनच करा. टॅली उघडणं, एक पावती छापणं, एक कागद स्कॅन करणं, टोकनने एक सही, श्रीलिपीतलं एक पत्र, एका शेतकऱ्याची नोंदणी, एवढं नव्या युजरमधून सुरळीत झालं की मग जुना काढा. सायफरची कमांड त्यानंतर द्या, आधी नाही, नाहीतर शेवटी पुसलेलं तसंच राहील. आणि ५ जीबी शिल्लक असताना सी ड्राइव्हवर सेव्हन-झिप बांधायला बसू नका, फाइल डी ड्राइव्हवरच तयार करा.